विसावा हिस्सा आणि दोन डोळे

विहाराचा वर्धापनदिन आला की आपण सगळे हिशेबाला बसतो. किती वर्गणी जमली, मंडपवाल्याचे किती द्यायचे, खीरदानाचे किती, रंगकामाचे किती. हे व्हायलाच पाहिजे. पण यंदा स्मरणिकेसाठी लेख द्या असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा एका वेगळ्याच हिशेबाबद्दल लिहावे असे आम्हाला वाटले. दानातून आंधळ्या माणसाला दृष्टी कशी मिळते, डोळ्यांच्या दवाखान्यांसाठी आणि संशोधनासाठी कुणी कुणी पैसा कसा उभा केला, आणि त्यात आपण बौद्ध माणसे कुठे आहोत, असा हा हिशेब आहे. शेवटी त्यात आपल्या नावावर थोडी बाकी निघते. तीही आम्ही लपवणार नाही.

लेण्यांतले देणगीदार

दान म्हटले की आपल्याकडे दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, देवळातली पेटी. दोन, कुणी शेठ व्यासपीठावर उभा राहून गरिबाच्या हातात काहीतरी ठेवतो आणि फोटो काढतो. या दोन्हींपेक्षा जुनी आणि निराळी परंपरा आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच लेण्यांत दगडावर कोरलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या लोकांनी एकेक खांब दिला आहे. तिथले दार करणाऱ्या सुताराचेही नाव आहे. नाशिकच्या लेण्यांत मुगुदास नावाच्या कोळ्याचे दान आहे. म्हणजे ही लेणी काही एकट्या राजाच्या तिजोरीतून झालेली नाहीत. सुतार, कोळी, व्यापारी, भिक्खुणी, गृहिणी अशा सर्वांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलला.

त्याच नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. तो आमच्या मते प्रत्येक विहाराच्या खजिनदाराने वाचावा. त्याने भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण दिले, पण ते एकदम वाटून टाकले नाहीत. विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर महिना शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्खूंना चीवर आणि इतर खर्च भागवायचा. आज ज्याला आपण कायम निधी म्हणतो तो हाच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कळले होते की एका दिवसाच्या उत्साहावर काम चालत नाही, व्यवस्था लावावी लागते.

आणि डोळ्यांची गोष्ट हवी असेल तर अजिंठ्याला जावे. सतराव्या लेण्यात शिबी राजाची जातककथा रंगवली आहे. आंधळा याचक दारात येतो, डोळा मागतो, आणि राजा आपले दोन्ही डोळे वैद्याकडून काढवून त्याला देतो. ही घटना अशीच घडली असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांच्या धम्मात चमत्काराला जागा नाही. पण पंधराशे वर्षांपूर्वी इथल्या चित्रकाराला डोळ्याचे दान हा दानाचा मोठा प्रकार वाटला, एवढे खरे. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण दहा पारमिता पाळण्याचा शब्द देतो. त्यातली पहिली दान. जुन्या अट्ठकथांत तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : आधी आपल्याजवळची वस्तू द्यावी, मग शरीराचा अवयव, आणि सर्वांत वर स्वतःचा जीव. आपण बहुतेक जण पहिल्याच पायरीवर उभे आहोत, आणि तिथेही जरा मागे रेलून!

बाबासाहेबांनी मागितलेला हिस्सा

१९५४ साली बाबासाहेब कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. मधुमेह होता, आणि दृष्टीही मंदावत चालली होती. ज्यांचे डोळे आयुष्यभर पुस्तकांवर राहिले त्यांना वाचताना त्रास व्हावा, हे लिहितानासुद्धा आम्हाला जड जाते. तशा अवस्थेत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पुरा केला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी समाजाकडे एक स्पष्ट मागणी केली : प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्यासाठी द्यावा. वीस रुपयांतला एक. त्यांनी कुणा शेठकडे हात पसरायला सांगितले नाही. मजुराच्या, गिरणीतल्या माणसाच्या, शेतावर राबणाऱ्या बाईच्या मिळकतीतला विसावा भाग मागितला. घेणारा समाज देणारा व्हावा, हा त्यामागचा अर्थ आहे असे आम्ही समजतो.

ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण असे की डोळ्यांच्या बाबतीत आपण बराच काळ नुसते घेणारेच राहिलो. आमच्या वस्तीत चाळीसेक वर्षांपूर्वी एक फुकट शिबिर भरले होते. कुणी भरवले ते सांगत बसत नाही. एका आजींच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे डोळ्यातले खराब झालेले भिंग काढले आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा दिला. आजी खूश. नातवाचं तोंड दिसलं म्हणून रडल्या. वर्षभराने चष्मा फुटला. शिबिरवाले कधीच निघून गेले होते, नंबर कुठे लिहिलेला नव्हता, नवा चष्मा करायला घरात पैसे नव्हते. आजी पुन्हा भिंत चाचपडत चालायला लागल्या. त्या तशाच गेल्या. त्यांचा शिबिरातला फोटो मात्र छापून आला होता.

तेव्हापासून आमच्या मनात हा प्रश्न आहे, की दान चांगलं केव्हा आणि नुसता देखावा केव्हा? त्याचे उत्तर शोधताना आम्हाला तीन ठिकाणे सापडली.

मदुराईचे अकरा पलंग

पहिले ठिकाण तामिळनाडूतले मदुराई. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे शेतकऱ्याच्या घरातले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. तसल्या बोटांनी ते नाजूक शस्त्रक्रिया शिकले आणि पुढे आयुष्यात लाखावर शस्त्रक्रिया केल्या. १९७६ साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भावंडांना हाताशी धरून अकरा पलंगांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. भांडवल घरातलेच. घर गहाण ठेवण्यापर्यंत वेळ आली.

त्यांची युक्ती साधी होती. ज्याला परवडते तो पैसे देईल, ज्याला परवडत नाही त्याला फुकट किंवा नाममात्र खर्चात उपचार मिळतील, आणि डॉक्टर दोघांनाही तेच. पैसे देणाऱ्यांच्या शिलकीतून फुकटवाल्यांचा खर्च निघेल. खेड्यांतल्या शिबिरांचा स्थानिक खर्च, म्हणजे जागा, जाहिरात, माणसे गोळा करणे, हा गावातली मंडळे, दुकानदार, क्लब यांनी उचलायचा. आणि ऑपरेशन शाळेच्या वर्गात नाही, तर बसने रुग्णालयात नेऊन तिथेच करायचे. म्हणजे आमच्या आजींसारखी गत व्हायला नको.

पण जाड चष्म्याचा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर लंडनला १९४९ सालीच मिळाले होते. हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी महायुद्धातले वैमानिक तपासताना पाहिले की विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे तुकडे डोळ्यात शिरले तरी डोळा ते सहन करतो. त्यावरून त्यांनी प्लास्टिकचे भिंग करून ते डोळ्याच्या आतच बसवले. शोध चांगला, पण श्रीमंतांच्या कामाचा. १९८०च्या दशकात परदेशी भिंगाला शंभर डॉलरच्या घरात खर्च यायचा. फुकट शिबिरातल्या माणसाला ते कुठून मिळणार?

इथे वर्गणीने काम केले. अमेरिकेत १९७८ साली सेवा फाउंडेशन नावाची संस्था निघाली. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत भारतात राबलेले डॉक्टर तिच्या संस्थापकांत होते. तिथल्या नामांकित गायक-वादकांनी कार्यक्रम करून तिच्यासाठी पैसे उभे केले. या संस्थेच्या मदतीने १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब हा कारखाना उभा राहिला आणि तेच भिंग दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले. पुढे आणखी स्वस्त झाले. आम्हाला यात शिकण्यासारखे हे वाटते : त्या वर्गणीतून जर परदेशी भिंगेच विकत घेऊन वाटली असती तर काही हजार माणसांना दृष्टी आली असती आणि पैसे संपले असते. भिंग करण्याची विद्याच आणली, म्हणून ते लाखोंना पुरले. उषवदाताचे मुद्दल आणि व्याज म्हणतात ते हेच.

सरकारही स्वस्थ बसले नव्हते. १९७६ सालीच केंद्राचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूसाठी सात राज्यांत मोठी मोहीम झाली, त्यात महाराष्ट्र होता. हे मुद्दाम सांगतो, कारण दानाच्या गोष्टी ऐकून सरकारची जबाबदारी संपली असे कुणी समजू नये. सरकारी दवाखान्यातला उपचार ही भीक नाही, तो आपला हक्क आहे. दानाचे काम हक्काला पूरक व्हायचे, हक्काची जागा बळकावायचे नाही.

सिनेमाचा पैसा, संशोधनाची प्रयोगशाळा

दुसरे ठिकाण हैदराबाद. ‘एक दूजे के लिए’ हा १९८१चा सिनेमा आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचे निर्माते एल. व्ही. प्रसाद. अमेरिकेतून परतलेले डॉ. गुल्लापल्ली राव हैदराबादला नेत्रसंस्था काढू पाहत होते. प्रसादांनी त्यांना पाच एकर जमीन आणि एक कोटी रुपये दिले. १९८७ साली संस्था सुरू झाली. लोकांनी काढलेल्या तिकिटांचा पैसा डोळ्यांच्या कामाला लागला म्हणायला हरकत नाही.

तिथे उपचाराबरोबर संशोधन चालते. ‘संशोधन’ म्हटले की आपल्या लोकांना वाटते ते मोठ्या लोकांचे काम, आपल्याला काय त्याचे. म्हणून घरातलेच उदाहरण देतो. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी पोरांच्या हाती लागते, ती दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. बुबुळ जळते. अशा डोळ्यावर नुसते नवे बुबुळ बसवून भागत नाही, कारण बुबुळाच्या कडेला असलेल्या, त्वचा पुन्हा भरून आणणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१२ साली यावर एक सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर पसरून चिकटवायचे. त्यातून नवा थर वाढतो. महागडी प्रयोगशाळा नसलेल्या दवाखान्यातही हे करता येते. चुन्याच्या पुडीवरचे हे संशोधन गरिबाच्या पोरासाठीच नाही का?

आणखी एक योग सांगतो. माणसाच्या बुबुळाचे जगातले पहिले यशस्वी रोपण १९०५ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी केले. तो रोगीही चुन्यानेच डोळे गेलेला एक मजूर होता.

श्रीलंकेतला फ्रिज

तिसरे ठिकाण आपल्या सर्वांत जवळचे, कारण ते बौद्धांचे आहे. १९५८ साली कोलंबोत हडसन सिल्वा नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना मरणोत्तर डोळे देण्याचे आवाहन केले. ना इमारत, ना निधी. मिळालेले डोळे पती-पत्नी घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची. १९६० साली त्यांची आई वारली. तेव्हा त्यांनी लोकांना सांगितले ते स्वतः केले. आईची बुबुळे एका गरीब शेतकऱ्याला बसवली. १९६१ साली श्रीलंका नेत्रदान संस्था स्थापन झाली. १९६४ साली बर्फ घातलेल्या थर्मासमधून पहिले डोळे सिंगापूरला गेले.

मग हे काम भिक्खूंनी विहाराविहारांतून सांगितले. डोळे देणे म्हणजे दान पारमिता, हे तिथल्या बायाबापड्यांना कुणी वेगळे शिकवावे लागले नाही. २०१२पर्यंत त्या लहानशा बेटाने ५७ देशांना बुबुळे पाठवली होती, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा पाकिस्तानला गेला. बौद्धाच्या डोळ्यांनी मुसलमान भाऊ जग पाहतो. डोळ्याला किंमत लावली जात नाही; जपणुकीचा आणि पाठवणीचा खर्च तेवढा परदेशातून घेतला जातो. त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले जयवर्धने १९९६ साली वारले. त्यांनी स्वतःचे डोळे दिले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे एक डोळा जपानला गेला. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत, वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन सांगून जपानकडून नुकसानभरपाई न मागणारे ते हेच. हडसन सिल्वा १९९९ साली गेले.

सगळे गोड सांगून चालणार नाही. त्याच बेटावर १९८३ ते २००९ यादवी झाली, हजारो माणसे मेली. नुसते बौद्ध म्हणवल्याने करुणा येत नाही. ती रोज कामाने आणावी लागते, हेही त्या देशाने आपल्याला शिकवले.

आमच्या नावावरची बाकी

आता आपल्याकडे वळू. तेव्हाच्या मुंबई राज्यात १९५७ सालीच बुबुळरोपणाचा कायदा झाला. म्हणजे धम्मदीक्षेनंतर एका वर्षात कायद्याने वाट मोकळी झाली होती. दर वर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. आपल्या विहारातही फॉर्म भरले गेले आहेत.

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याचे वडील वारले. म्हाताऱ्याने स्वतः फॉर्म भरला होता, कार्ड कपाटात होते, आणि आम्हा सर्वांना ते माहीत होते. नेत्रदानावर भाषणे केलेली आम्ही माणसे अंगणात उभी होतो. घरात रडारड चाललेली. कुणीतरी विषय काढावा असे प्रत्येकाला वाटत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. एक वयस्क मावशी म्हणाल्या, “डोळं काढलं तर पुढल्या जल्मी आंधळा येईल माणूस.” आणि आम्ही गप्प बसलो! ज्या बुद्धाने आत्मा मानला नाही, त्याच्या विहाराचे आम्ही पदाधिकारी. सहा तास निघून गेले. दोन डोळे चितेवर गेले. कुठेतरी दोन माणसे त्या दोन बुबुळांची वाट पाहत असतील, त्यांची नावेही आम्हाला कळणार नाहीत.

मावशींना दोष नाही. त्यांना कुणी समजावून सांगितलेच नव्हते. म्हणून इथे लिहून ठेवतो :

बुबुळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, काढावी लागतात. नेत्रपेढीची माणसे घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांचे काम असते, चेहरा विद्रूप होत नाही. ते येईपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असलेला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला, मधुमेह असलेला माणूसही डोळे देऊ शकतो. एड्स, कावीळ ब किंवा क, रेबीज असे काही आजार असतील तर नाही. ते डॉक्टर ठरवतात. फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी वारसांची संमती लागते, आणि फॉर्म नसला तरी वारस देऊ शकतात. नेत्रदानाने दृष्टी येते ती बुबुळ खराब झालेल्यांनाच, डोळ्यात फूल पडलेल्यांना. काचबिंदू किंवा मधुमेहाने पडदा गेलेल्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी वेळेवर तपासणी हाच उपाय. आणि रोपणाला न चालणारी बुबुळेही, घरच्यांची संमती असेल तर, संशोधनाला आणि शिकणाऱ्या डॉक्टरांना उपयोगी पडतात. संशोधनाला देणगी देण्याचा हा असा मार्ग आहे की जो गरिबातल्या गरिबालाही मोकळा आहे.

पैशाबद्दल आमची सूचना छोटी आहे. जयंतीच्या वर्गणीतला विसावा हिस्सा दर वर्षी बाजूला काढून ‘दृष्टिनिधी’ नावाने बँकेत ठेवावा. मुद्दलाला हात लावू नये. व्याजातून वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यात नेण्या-आणण्याचा खर्च, फुटलेला चष्मा बदलून देणे, मधुमेह असलेल्यांची वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, एवढेच करावे. हिशेब विहाराच्या फळ्यावर लावावा. आणि कुणाच्या हातात चष्मा देतानाचा फोटो काढू नये.

यंदा नेत्रदानाच्या फॉर्मबरोबर एक वहीही ठेवली आहे. तिच्यात फॉर्म भरणाऱ्याचे नाव आहेच, पण शेजारी आणखी एक रकाना आहे : त्या दिवशी घरच्यांशी बोलायला कोण जाणार. पहिली तीन नावे आम्ही आमचीच लिहिली आहेत. त्या अंगणात गप्प उभे राहिलेले ते आम्हीच.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!